पन्नास पौंडांची गोष्ट

ऋषी सुनक ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले, त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. इदी अमीनने हाकलून दिलेले भारतीय खिशात पन्नास पौंड आणि हातात एक सूटकेस घेऊन इंग्लंडला पोचले, दुकानं काढली, मुलांना शिकवलं आणि पन्नास वर्षांत देश चालवायला लागले. शेवटी एक ओळ होती: त्याच काळात तिथे गेलेले बांगलादेशी बघा, अजून सरकारी घरात राहतात. कष्ट आणि संस्कार, दुसरं काय! आमच्या काकांनी पाठवलेला फॉरवर्ड म्हणून मीही खाली अंगठा दाखवून मोकळा झालो.

सुनक यांचं कुटुंब युगांडातून हाकललेलं नाही, हा त्यातला पहिला घोळ. वडील केनियात जन्मलेले डॉक्टर, आई टांगानिकात जन्मलेली फार्मासिस्ट. पण तो बारीक घोळ. मोठा घोळ कळायला मला पुढच्या वर्षीची लंडनची ऑनसाइट ट्रिप, एक सिनेमा आणि एक कादंबरी लागली.

ट्रिपमध्ये टीमसोबत ब्रिक लेनला जेवायला गेलो. रस्ताभर पाट्या 'इंडियन रेस्टॉरंट'च्या. आत वाढणारे, शिजवणारे सगळे सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशच्या ईशान्य कोपऱ्यातले. ब्रिटनमधली 'इंडियन' म्हणून चालणारी बरीचशी हॉटेलं याच लोकांनी उभी केली आहेत. ज्यांना आमचा फॉरवर्ड आळशी ठरवत होता, ते रात्री साडेअकराला आमच्याच देशाच्या नावाखाली आम्हाला वाढत होते. परत आल्यावर मोनिका अलीची 'ब्रिक लेन' (२००३) वाचली आणि त्याच महिन्यात मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' (१९९१) पुन्हा पाहिला. दोन्ही खूप गाजलेल्या कलाकृती. पण त्या शेजारी शेजारी ठेवल्या की फॉरवर्डमधलं गणित उलगडायला लागतं, आणि दोघींनी काय सांगायचं टाळलंय तेही दिसतं.

जयचं सामान

'मिसिसिपी मसाला'तला जय हा कंपालातला वकील. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. जय, किन्नू आणि छोटी मीना निघतात, इंग्लंडमार्गे अमेरिकेत मिसिसिपीला पोचतात आणि नातेवाइकांच्या मोटेलमध्ये राहतात. किन्नू दारूचं दुकान चालवते, मीना मोटेलमधल्या संडास-बाथरूमपर्यंतची साफसफाई करते. जय युगांडाच्या सरकारला पत्रं लिहीत बसतो: माझं घर परत द्या.

सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याला डेन्झेल वॉशिंग्टन आणि सरिता चौधरीची प्रेमकथा समजलो होतो. या वेळी मी सामान मोजत होतो. जयकडे पैसे नाहीत, हे खरं. पण त्याच्याकडे इंग्रजी आहे, कायद्याची भाषा आहे, सरकारशी पत्रव्यवहार कसा करायचा हे ठाऊक आहे. मोटेलवाले नातेवाईक आहेत, म्हणजे पोचल्या दिवशी छप्पर आणि काम दोन्ही. पन्नास पौंडांच्या गोष्टीत ही यादी कधी येत नाही, कारण विमानतळावर झडती घेणाऱ्याला ती सापडत नाही.

ही यादी आली कुठून? वसाहतीच्या काळात पूर्व आफ्रिकेत इंग्रजांनी समाजाची तीन मजली इमारत बांधली होती. वर गोरे, खाली आफ्रिकी आणि मधल्या मजल्यावर आशियाई: दुकानदार, कारकून, शिक्षक, वकील. मधल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कष्ट केले यात शंका नाही. पण खालच्यांना वर येऊ न देण्याची सोयही त्या इमारतीतच होती. दोन पिढ्या व्यापार, हिशेब आणि इंग्रजी शाळा यांत गेल्यावर माणूस रिकाम्या हातांनी निघाला तरी रिकाम्या डोक्याने निघत नाही.

नायर यांचं मोठेपण असं की त्यांनी हा मधला मजला लपवलेला नाही. मिसिसिपीत आल्यावरही हे लोक पुन्हा मधलाच मजला शोधतात. मीना आणि गालिचे धुणारा काळा तरुण दिमीट्रियस यांचं प्रकरण बाहेर येतं, तेव्हा मोटेलवाले त्याची कामं बंद करतात आणि बँक त्याच्या कर्जामागे लागते. एका समाजाची जात दुसऱ्या माणसाच्या हप्त्यापर्यंत कशी पोचते, हे मी इतक्या थोडक्यात दाखवलेलं क्वचितच पाहिलंय.

तरीही सिनेमाची एक बाजू लंगडी आहे. मधली इंग्लंडमधली वर्षं तो ओलांडून जातो, आणि या समाजाची खरी आर्थिक गोष्ट तिथेच घडली.

लेस्टरची जाहिरात

युगांडातून सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला आले. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, म्हणून सरकारला त्यांना घ्यावं लागलं, खुशीने नव्हे. चारच वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, केनियातल्या आशियाई लोकांना अडवायला संसदेने तीन दिवसांत कायदा उरकला होता. सप्टेंबर १९७२ मध्ये लेस्टरच्या नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मतितार्थ असा की घरं, शाळा, दवाखाने भरलेत, तुमच्याच भल्यासाठी इकडे येऊ नका. लोक तरीही लेस्टरला गेले, कारण आप्त तिथे होते.

पण कितीही कुरकुरत का होईना, सरकारने पुनर्वसन मंडळ नेमलं, जुन्या लष्करी तळांवर छावण्या उघडल्या. कुटुंबं बहुतेक अख्खी आली. आणि तेव्हा लेस्टरच्या होजियरी आणि इतर कारखान्यांत काम मिळत होतं. नवरा एका शिफ्टला, बायको दुसऱ्या शिफ्टला, अशा दोन पगारांतून घराचं कर्ज फिटलं आणि काहींच्या दुकानाचं भांडवल उभं राहिलं. फॉरवर्डमध्ये दुकान येतं. त्याच्या आधीची कारखान्यातली वर्षं येत नाहीत.

ती वर्षं गोडही नव्हती. १९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांनी संप केला. तक्रार बोनसमधल्या भेदभावाची होती, आणि त्यांची स्वतःची युनियनच पाठीशी उभी राहिली नाही. १९७६ मध्ये वायव्य लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई बाहेर पडल्या. गुजरातहून टांझानिया आणि तिथून इंग्लंड असा प्रवास केलेली, साडी नेसणारी ही बाई दोन वर्षं संप लढली आणि हरली. 'कष्ट करून वर आलेल्या' समाजाच्या कौतुकात तिचं नाव क्वचित घेतलं जातं. तिने कष्टाबद्दल तक्रार केली, म्हणून ती कौतुकाच्या साच्यात बसत नाही. यशाची गोष्ट फक्त शेजारच्या समाजाला कमी लेखत नाही, स्वतःच्या समाजातल्या कामगारांनाही गाळते.

चानूची प्रमाणपत्रं

आता 'ब्रिक लेन'. नझनीन अठराव्या वर्षी लग्न होऊन १९८५ मध्ये लंडनला येते. नवरा चानू चाळिशीचा, ढाका विद्यापीठाचा पदवीधर. त्याच्याकडे प्रमाणपत्रांचा ढीग आहे, बढती मात्र मिळत नाही. शेवटी तो टॅक्सी चालवतो. घरात शिलाई मशीन येतं, आणि नझनीन नगावर पैसे घेऊन कपडे शिवायला लागते. व्याजावर पैसे देणाऱ्या मिसेस इस्लामचं कर्ज कितीही फेडलं तरी संपत नाही.

अर्थव्यवहार दाखवण्यात ही कादंबरी फार पक्की आहे. नझनीनची मैत्रीण रझिया हिचा नवरा मिळवलेला पैसा गावी मशीद बांधायला पाठवत राहतो आणि कत्तलखान्यात अपघाताने मरतो. मागे काय राहतं? गावात मशीद आणि लंडनमध्ये बायको-पोरांसाठी शून्य. एकटा पुरुष परदेशात आणि मन गावात, या व्यवस्थेत बचत कुठे जाते ते या एका प्रसंगात कळतं.

सिल्हेटी लोकांची वाट मुळातच वेगळी होती. त्यांची पहिली पिढी ब्रिटिश जहाजांवर भट्टीत कोळसा ओढणारे खलाशी. पुढे पन्नास-साठच्या दशकांत पुरुष एकटे आले, गिरण्यांत आणि ओतशाळांत राबले, परत जायच्या हिशेबाने. ते बहुतेक खेड्यातले होते. पूर्व आफ्रिकेतल्यासारखा मधला मजला त्यांना मिळालाच नव्हता. बायका-मुलं प्रामुख्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात आली, ढाक्यात परवान्यासाठी वर्षानुवर्षं थांबून. म्हणजे ज्या वेळी लेस्टरमधल्या घरात दोन पगार येत होते, त्या वेळी सिल्हेटी माणूस दोन देशांत दोन चुली चालवत होता. आणि कुटुंब आलं तोवर ब्रिटनच्या गिरण्या बंद पडत होत्या. उरलं पूर्व लंडनचं शिवणकाम, तेही मरणपंथाला लागलेलं, आणि हॉटेल.

घरासाठीही झगडावं लागलं. सत्तरच्या दशकात बंगाली कुटुंबांनी पूर्व लंडनमधल्या ओस पडलेल्या इमारतींचा ताबा घेतला, संघटना केली आणि नगरपालिकेकडून हक्काची घरं मिळवली. फॉरवर्डमधलं 'सरकारी घर' हे असं भांडून मिळालेलं आहे. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा शिवणकामगार कामावरून घरी जाताना वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला. त्याची शवपेटी घेऊन हजारो लोक पंतप्रधानांच्या घराकडे चालत गेले. जिथे तो पडला त्या बागेला आज त्याचं नाव आहे. आमच्या हॉटेलपासून ती चालत दहा मिनिटांवर होती, आणि आम्ही कुणीच गेलो नाही.

कादंबरीवर माझा आक्षेप इथेच आहे. चानू आणि नझनीन सिल्हेटी नाहीत, मयमनसिंगकडचे आहेत, आणि चानू शेजारच्या सिल्हेटींना अडाणी खेडूत समजतो. हे मत पात्राचं आहे, लेखिकेचं नाही, हे मान्य. पण त्या शेजाऱ्यांना कादंबरीत स्वतःचं उत्तर द्यायला जागा फार कमी आहे. स्थानिक सिल्हेटी संघटनेने पुस्तकाचा निषेध केला आणि २००६ मध्ये चित्रपटाचं चित्रीकरण आपल्या गल्लीत होऊ नये म्हणून निदर्शनं झाली, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्यांना असहिष्णू ठरवून विषय संपवला. पुस्तकाविरुद्ध मोर्चा काढणं मला पटत नाही. पण जगाला तुमची ओळख एकाच पुस्तकातून होणार असेल आणि त्यात तुमच्याबद्दल तुमच्यावर नाक मुरडणारा माणूस बोलत असेल, तर चिडणं मला समजतं.

मग संस्कारांचं काय?

हे सगळं वाचूनही काका म्हणतील, शेवटी शिक्षणाची ओढ महत्त्वाची. ठीक आहे, तीच कसोटी लावू. १९९७ च्या सुमारास टॉवर हॅमलेट्स, म्हणजे ब्रिक लेन ज्या भागात येते तो, शालेय निकालांत इंग्लंडमध्ये तळाला होता. तेव्हा 'या मुलांच्या घरी शिक्षणाचं वातावरणच नाही' असं म्हणणं सोपं होतं. पुढच्या पंधरा वर्षांत तिथल्या शाळांवर पैसा खर्च झाला, चांगले शिक्षक आणि मुख्याध्यापक टिकवले गेले, पालकांना शाळेत आणलं गेलं. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहे. संस्कार, धर्म, गाव तेच. बदलली ती शाळा.

आणि तरी बांगलादेशी कुटुंबांतली निम्म्याहून अधिक मुलं आजही गरिबीच्या रेषेखाली मोजली जातात. शाळेतली आघाडी पगारात तेवढी उतरत नाही. चानूची प्रमाणपत्रं आता त्याच्या नातवंडांच्या हातात आहेत, एवढंच.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळं परिस्थितीवर ढकललं की माणसाची स्वतःची धडपड पुसली जाते. किन्नूने दुकान चालवलं, जय पत्रं लिहीत बसला. सामान दोघांचं सारखंच होतं. नझनीन शेवटी चानूबरोबर ढाक्याला जात नाही, मुलींना घेऊन लंडनमध्ये राहते आणि शिवणाचं काम स्वतःच्या हातात घेते. व्यक्तीच्या निवडीला किंमत आहेच. पण एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करताना वापरायची मोजपट्टी अख्ख्या समाजाला लावली की चूक होते. आमच्या धंद्यात दोन प्रोग्रॅमचा वेग मोजताना आधी बघतात, दोन्ही एकाच मशीनवर चालवले का. समाजांच्या बाबतीत हा साधा प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्यापर्यंतही येतं.

मी लंडनला गेलो तेव्हा खिशात कंपनीचं कार्ड होतं, हॉटेल बुक होतं, व्हिसाची कागदपत्रं दुसऱ्याच कुणी तयार केली होती. त्याआधी इंजिनिअरिंगची फी भरणारे वडील होते. उद्या तिथेच स्थायिक झालो, तर माझ्यावरही कुणी फॉरवर्ड लिहील: लहान गावातून एक बॅग घेऊन गेला. ते खोटं नसेल. फक्त बॅगेत काय होतं ते त्यात नसेल.

सिनेमाच्या शेवटी जय कंपालाला परत जातो, आणि ज्याच्यावर तो आयुष्यभर रुसला तो मित्र ओकेलो १९७२ मध्येच मारला गेल्याचं त्याला कळतं. तो खटला सोडून देतो. वीस वर्षं तो फक्त घराचा हिशेब मांडत होता. आपल्याला तुरुंगातून सोडवणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता.