मार्कोव्हनिकोव्हच्या नियमातील ‘व’

पहूरसारख्या गावी मराठी माध्यमातून दहावी होऊन पुढे इंग्रजीतून रसायन शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अल्कीनांच्या समावेशन अभिक्रियांसाठी प्रायः एकच वाक्य असते : असममित अल्कीनाच्या द्विबंधातील ज्या कार्बनावर हायड्रोजन अधिक, त्याला हायड्रोजन मिळतो व दुसऱ्याला हॅलोजन. व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्हने १८७० मध्ये मांडलेल्या नियमाचा हा मराठी अवतार. प्रोपीन व हायड्रोजन ब्रोमाइड यांपासून मुख्यत्वे २-ब्रोमोप्रोपेन मिळेल, हे भाकीत त्यावरून बिनचूक करता येते.

विश्वकोशातील ‘विक्रिया’ आणि पाठ्यपुस्तकांतील ‘अभिक्रिया’ या भेदाने विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते या वाक्यातील ‘व’ने. हे अव्यय दोन घटनांना समान पदावर बसविते आणि त्यांचा क्रम झाकून टाकते. वस्तुतः प्रोटॉन आधी जोडला जातो. तो टोकाच्या कार्बनाला चिकटल्यास मधल्या कार्बनावर धनभार येतो व हा धनायन अधिक स्थिर असतो. ब्रोमाइड त्यानंतर येतो.

खराश व मेयो यांनी १९३३ मध्ये दाखविले की, पेरॉक्साइडच्या सान्निध्यात प्रोपीनपासून १-ब्रोमोप्रोपेन मिळते. अध्यापनात हा ‘अपवाद’ ठरतो. परंतु येथे ब्रोमीनचा मुक्त मूलक आधी टोकाशी जोडला जातो, कारण त्यायोगे मधल्या कार्बनावर अधिक स्थिर मूलक उरतो. हायड्रोजन मागून येतो. क्रम पालटला, तत्त्व तेच राहिले. ज्याला क्रमच सांगितलेला नाही, तो ‘पेरॉक्साइड दिसला की उत्तर उलटे’ एवढेच घोकतो आणि हायड्रोजन क्लोराइडलाही ते लावून चुकतो. तेथे हायड्रोजन-क्लोरीन बंध इतका बळकट, की कार्बनी मूलकाला त्यातून हायड्रोजन सहज ओढता येत नाही.

वास्तविक पूर्वकालवाचक ‘ऊन’ मराठीत सिद्धच आहे. ‘मध्यस्थ अधिक स्थिर राहील अशा जागी पहिला घटक जोडला जाऊन मग दुसरा येतो’, ही रचना थोडी लांब खरी. पण ट्रायफ्लोरोप्रोपीनही तिच्या कक्षेत येते. तेथे फ्लोरिनयुक्त गट इलेक्ट्रॉन ओढून घेत असल्याने धनभार त्याच्यापासून दूर, टोकाला राहतो आणि हायड्रोजन कमी हायड्रोजन असलेल्या कार्बनाकडे जातो. रूढ वाक्य येथे सरळ चुकते.

अर्थात नवी रचनाही सर्वसमावेशक नाही. ३,३-डायमिथिल-१-ब्यूटीनावर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया होताना धनायनातील एक मिथिल गट शेजारच्या कार्बनावर सरकतो आणि २-क्लोरो-२,३-डायमिथिलब्यूटेनही मिळते. तेथे ‘जोडला जाऊन’ आणि ‘मग’ यांच्या मध्ये आणखी एक ‘ऊन’ घालावा लागतो.