युक्त्यांच्या वह्या आणि दहावीपर्यंतचे गणित

ही परीक्षा पदवीधरांची. मग शाळेतील शिक्षकांसाठी असलेल्या मासिकात तिची चर्चा कशाला, असे कोणीही विचारील. आम्हालाही आधी तसेच वाटले असते. पण गेल्या पावसाळ्यात वसईतील आमच्याच इमारतीत राहणारी, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी जाडजूड वही घेऊन आली. "काका, हे एवढं बघता का? सगळं पाठ आहे, पण सराव परीक्षेत काहीच सुटत नाही," म्हणाली. ती वही आम्ही दोन रविवार वाचली. तेव्हा ध्यानात आले की व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेश परीक्षेतील गणिताशी सर्वांत जवळचा संबंध कोणाचा असेल, तर तो आठवी ते दहावीला गणित शिकवणाऱ्यांचा आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय. आय. एम., जी कॅट परीक्षा घेतात तिच्या २०२४ च्या प्रश्नपत्रिकेत एकूण ६८ प्रश्न आणि १२० मिनिटे होती. त्यांपैकी गणिताच्या विभागाला २२ प्रश्न आणि ४० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १०९ सेकंद. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. आपल्या राज्याच्या एम. बी. ए. सीईटीत त्याच वर्षी १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, त्यांत गणिताचे ५०. तेथे सरासरी ४५ सेकंद मिळतात, पण चुकीबद्दल गुण कापत नाहीत. आणि अभ्यासक्रम? शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर-प्रमाण, काळ-काम-वेग, रेषीय आणि वर्गसमीकरणे, विभाज्यता, त्रिकोण आणि वर्तुळ. लघुगणक, क्रमपर्याय असे थोडे अकरावी-बारावीचे येते. कलनशास्त्र जवळजवळ नाहीच. प्रश्न अवघड असतात हे खरे, पण ते ज्या मालातून घडवलेले असतात तो बहुतेक सारा दहावीच्या आतला आहे.

आता त्या वहीविषयी. मुलगी आठवड्यातून तीन दिवस वसई रोडहून बोरिवलीला एका क्लासला जात होती. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली ती १८६७ साली. तेव्हापासून इकडच्या माणसाचे आयुष्य वेळ आणि वेग यांच्या त्रैराशिकातच चालले आहे, त्यामुळे वहीत पहिला धडा आगगाडीचा असावा हे योग्यच. पण धडा असा होता : 'टाईप १, टाईप २...' असे चौदा प्रकार, प्रत्येकाखाली चौकटीत एक सूत्र, आणि सूत्राखाली वीस उदाहरणे. सूत्र कोठून आले याची एकही ओळ नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की सूत्र केव्हा लागू पडत नाही, याचीही एक ओळ नाही.

सरासरी वेगाचेच पाहा. चौकटीत लिहिले होते : वेग अ आणि ब असतील तर सरासरी वेग = २अब ÷ (अ + ब). आम्ही तिला दोन उदाहरणे घातली. पहिले : विरार ते बोरिवली २६ किलोमीटर, जाताना गाडीचा वेग ताशी ५२ किलोमीटर, येताना ३९, सरासरी वेग किती? तिने वीस सेकंदांत ४४.५७ असे सांगितले आणि ते बरोबर आहे. जायला अर्धा तास, यायला ४० मिनिटे, म्हणजे ७० मिनिटांत ५२ किलोमीटर. दुसरे : एक गाडी तासभर ताशी ५२ च्या वेगाने आणि पुढचा तासभर ३९ च्या वेगाने धावली, सरासरी वेग किती? पुन्हा वीस सेकंदांत ४४.५७! येथे उत्तर ४५.५ आहे, दोन तासांत ९१ किलोमीटर, ते तिसरीतले पोरही बोटांवर काढील. सूत्र समान अंतरासाठी होते, समान वेळेसाठी नव्हते. ती अट चौकटीतून गळली होती, आणि अशी अट गळलेली असते हे प्रश्न काढणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. पर्यायांमध्ये ४४.५७ हे उत्तर ते मुद्दाम ठेवतात.

तिला आम्ही विचारले, सरासरी वेग म्हणजे काय? ती थांबली. सूत्र म्हणाली. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "एकूण अंतर भागिले एकूण वेळ, असं नववीत सरांनी सांगितलं होतं, पण ते वापरत बसलं तर वेळ जातो म्हणतात." आमचा या वह्यांवर मुख्य आक्षेप आहे तो येथे. जी एक व्याख्या चौदाही प्रकार सोडवते, तिला वेळखाऊ म्हणून बाजूला सारले जाते आणि तिच्या जागी चौदा पाठांतरे बसतात. मग पंधरावा प्रकार आला की मुलगी रिकाम्या हाताने उभी.

नळ आणि टाकीचा धडाही असाच. हे उदाहरण किती जुने आहे हे वर्गात अवश्य सांगावे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत चार झऱ्यांनी कुंड भरण्याचे उदाहरण आहे : एक झरा एकटा एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात कुंड भरतो, चारही सोडले तर? एका दिवसात ते अनुक्रमे १, २, ३ आणि ६ कुंडे भरतील, मिळून १२, म्हणून एक कुंड दिवसाच्या बाराव्या भागात. युक्तीच आहे ही, पण उघडी युक्ती आहे. 'एका दिवसात किती काम' हा विचार हाती आला की सूत्र लागत नाही. वहीत मात्र क्षय ÷ (क्ष + य) एवढेच होते. ज्या नालासोपारा-विरारमध्ये टँकर आला की सोसायटीची टाकी किती वेळात भरेल याचा हिशेब घरोघर होतो, तेथील मुलांना हे उदाहरण परके वाटावे ही मोठी गंमत आहे.

कॅटमध्ये हाच प्रश्न कसा फिरवता येईल पाहा. दोन नळ मिळून टाकी ६ तासांत भरतात. प्रत्येक नळ एकटा टाकी भरायला पूर्ण तासच घेतो, अपूर्णांक नाही. तर नळांच्या अशा किती जोड्या असू शकतील? सूत्र लावले की क्षय = ६क्ष + ६य एवढे मिळते आणि पाठांतर संपते. पुढचे काम नववीतल्या अवयवांचे आहे. दोन्ही बाजूंची मांडणी बदलून ३६ मिळवले की (क्ष − ६)(य − ६) = ३६. आता ३६ चे दोन अवयव पाडायचे : १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६. प्रत्येकात ६ मिळवले की जोड्या मिळतात : ७ व ४२, ८ व २४, ९ व १८, १० व १५, १२ व १२. पाच जोड्या. २०१५ पासून कॅटमध्ये काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर स्वतः टंकायचे असते. तेथे पर्याय घालून पाहण्याची, उत्तरावरून उलटे येण्याची युक्ती चालत नाही.

वहीचा तिसरा भाग 'वैदिक गणिता'चा होता. स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचे त्या नावाचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. त्यातील रीतींचा वेदांशी संबंध नाही हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणिती श्री. गो. दाणी यांनी १९९३ मध्येच सविस्तर लिहून दाखवले होते. तो वाद पुन्हा उकरत नाही. ९७ × ९६ करताना शंभरातील तूट ३ आणि ४ घ्यायची, ९७ मधून ४ वजा करून ९३, तुटींचा गुणाकार १२, उत्तर ९३१२, ही रीत सुरेख आहे. (१०० − अ)(१०० − ब) या विस्तारात ती सगळी आहे, आठवीच्या मुलाला ती सिद्धही करता येते. पण ३७ × ६२ ला तिचा फारसा उपयोग नाही, आणि कॅटच्या पडद्यावर २०१५ पासून साधे गणकयंत्र दिलेले असते. ज्या परीक्षेत गुणाकार यंत्र करून देते, तिच्यासाठी महिनाभर गुणाकाराच्या युक्त्या घोकायच्या, हा खर्च कशासाठी, हे आम्हाला उमगले नाही. सीईटीसाठी जलद आकडेमोड उपयोगी पडते हे मान्य. त्यासाठी आपल्या आजोबांच्या पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी काय वाईट होत्या? १/७ म्हणजे शेकडा १४.२८ हे आज नव्याने पाठ करायला सांगतात, ती जुन्या पाढ्यांचीच नवी आवृत्ती आहे. पाठांतराला आमचा विरोध नाही. पाढा हा पाढा म्हणून पाठ करावा, विचार म्हणून नव्हे.

क्लासच्या बाजूनेही दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत, कारण शाळेत आपण त्या शिकवत नाही. पहिली, प्रश्न सोडून देणे. आपली मुले शेवटच्या उदाहरणापर्यंत सारे सोडवायलाच शिकलेली असतात. येथे २२ पैकी कोणते हात न लावता सोडायचे हे ठरवणे हीच अर्धी तयारी आहे. दुसरी, घड्याळ लावून पेपर सोडवणे आणि मग चुका तपासणे. चुका तपासण्याला जेवढा वेळ द्यावा तेवढा मुले देत नाहीत, पण निदान सांगितले तरी जाते.

अंदाजाने उत्तर देण्याविषयी मात्र क्लासमधील सल्लाही अर्धवट आढळला. 'अंदाज अजिबात करू नका' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. चार पर्यायांचे १२ प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने ३ बरोबर येतील, गुण ९, ९ चुकतील, वजा ९, हाती शून्य. तोटा नाही, फायदाही नाही. पण प्रत्येकात एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर ४ बरोबर, ८ चूक, म्हणजे १२ वजा ८, हाती ४. संभाव्यतेचा धडा दहावीत आहे. नाणे आणि फासे यांच्या जोडीला हे उदाहरण घेतले तर मुले कान टवकारतील. तीच गोष्ट पर्सेंटाइलची. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९९ गुण अशी समजूत पालकांत सर्रास आहे. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी दिली. ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे त्यांतले सुमारे २,९३० जण होते, एवढाच त्याचा अर्थ. त्याने निम्मेच प्रश्न सोडवले असतील, हेही शक्य आहे.

त्या वर्षी १०० पर्सेंटाइल मिळवणारे १४ जण होते आणि त्यांपैकी १३ अभियांत्रिकीचे. चौदा ही संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. तरीही आमच्या शेजारच्या मुलीकडे पाहताना ती आठवल्याखेरीज राहिली नाही. दहावीला तिला गणितात बरे गुण होते. अकरावीत वाणिज्य शाखेत गणित की चिटणिसाची कार्यपद्धती असा पर्याय आला, आणि घरच्यांनी, मैत्रिणींनी आणि शाळेतल्या एका बाईंनीही 'गणित कशाला?' म्हटले. तेव्हाच्या त्या एका खुणेमुळे मध्ये पाच वर्षे गणिताविना गेली, आणि आता वडिलांनी भरलेली फी वसूल करण्यासाठी ती पहाटेच्या गाडीत उभ्याने सूत्रे घोकते आहे. वसई-विरारच्या कॉलेजांत अशा मुली वर्गावर्गात आहेत. त्यांना व्यवस्थापनात जायचे नसले तरी बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना हेच गणित पुन्हा समोर येते.

वही आम्ही तिला परत दिली आणि चौदा प्रकारांपैकी प्रत्येकातले एक उदाहरण चौकटीतले सूत्र झाकून सोडवायला सांगितले. पहिल्या आठवड्यात तिला एका उदाहरणाला दहा-दहा मिनिटे लागली आणि ती रडकुंडीला आली. महिन्याने तिने स्वतःच सांगितले की चौदांपैकी सहा प्रकार एकच आहेत.

दोन नळांचे ते उदाहरण आम्ही नंतर ओळखीच्या एका शिक्षकांना दिले. त्यांनी ते नालासोपाऱ्यात आपल्या नववीच्या वर्गात घड्याळ न लावता घातले. सूत्र कोणालाच येत नव्हते. एका गटाने ७ पासून एकेक संख्या घालून पाहिली आणि १२ पर्यंत येऊन थांबला. ११ का चालत नाही हे त्यांनी फळ्यावर दाखवले. पण १२ च्या पुढे का जायचे नाही हे त्यांना सांगता येईना, ते मागच्या बाकावरच्या एका मुलाने सांगितले : पुढे गेलो की दुसरा नळ १२ च्या खाली येतो आणि जुन्याच जोड्या उलट्या होऊन परत येतात. त्यावरून वर्गात दोन तट पडले. ७ व ४२ आणि ४२ व ७ या दोन जोड्या धरायच्या की एक? एका तटाचे उत्तर ९ आले, दुसऱ्याचे ५. तास संपला तेव्हा ते प्रश्नाचे शब्द पुन्हा वाचत होते.