एकाच रंगाचा हट्ट

करड्या छायाचित्रांत एखादीच वस्तु रंगीत ठेवण्याची हौस आजकाल फार बोकाळली आहे. विवाहाचे अल्बम उघडावेत, तर वधूचा शालू तांबडा आणि तिचा चेहरा मात्र राखेसारखा! संगणकावर सबंध चित्राचा रंग काढून घेतला आणि एवढा एक भाग तेवढा वगळला, कीं काम झालें. ज्या चेहऱ्यासाठीं छायाचित्र काढलें तो मागें पडून वस्त्रच जिवंत वाटूं लागतें, याची खंत कोणास वाटत नाहीं.

युक्ति मात्र नवी नव्हे. आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) या मूकपटांत बंडखोर खलाशांचा झेंडा हातानें तांबडा रंगविला होता. कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ (१९६३) जवळजवळ सारा कृष्णधवल. एका धुरांड्यांतून निघणारा धूर तेवढा गुलाबी. खंडणीच्या बॅगांत लपविलेलें द्रव्य त्या बॅगा जाळतांच असा धूर सोडतें, व पोलिसांस गुन्हेगाराचा माग लागतो तो त्यावरूनच. तेथें रंग काढून टाकला तर कथाच अडेल.

स्पीलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) विषयीं इतक्या सहज बोलतां येत नाहीं. मार्च १९४३ मध्यें क्राकोव येथील ज्यूंची वस्ती रिकामी केली जात आहे. टेकडीवरून शिंडलर पाहतो, आणि त्या करड्या कल्लोळांतून तांबडा कोट घातलेली एक चिमुरडी चालत जाते. येथें आमचा दिग्दर्शकाशीं वाद आहे. सभोंवार माणसें मारलीं जात असतां, अमुक एकीचीच कींव करा असें बोट दाखवून सांगणें म्हणजे उरलेल्यांस पुन्हा गर्दींत लोटणेंच होय. शिंडलरची दृष्टि तिच्यावर खिळली होती, हें समर्थन आम्हांस अपुरें वाटतें. तेवढें तर नटाच्या मुद्रेवरूनहि कळलें असतें.

पण तोच कोट पुढें प्रेतांच्या गाडीवर दिसतो, तेव्हां आमचा आक्षेप लटका पडतो. त्या ढिगांत तिचा चेहरा ओळखूं येणें कठीण. रंग नसता तर ती गाडी इतर गाड्यांसारखीच डोळ्यांसमोरून निघून गेली असती. पहिल्या वेळीं जो रंग आर्जव करीत होता, तो येथें साक्ष देतो. मग असाहि प्रश्न पडतो, कीं या दुसऱ्या दृश्यासाठीं पहिलें सोसणें भागच नव्हतें काय? आम्ही तें सोसतों, परंतु राजीखुषीनें नव्हे.