पिल्लाची आई कुठे आहे?

मराठी बालगीतांत आनंदाला तोटा नाही. मोर नाचतात, आगगाड्या मामाच्या गावाला निघतात, शाळेला सुट्टी मिळेल का याची चौकशी होते. रडू मात्र क्वचितच येतं, आणि आलंच तर पुढच्या ओळीत खाऊ हजर असतो. ग. दि. माडगूळकरांचं ‘एका तळ्यात होती’ या मेळ्यात एकटं उठून दिसतं. 1953च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी ‘नाच रे मोरा’ लिहिणाऱ्या याच कवीने इथे मुलांच्या दुःखाला पूर्ण दोन कडवी दिली आहेत. गाणं सगळं तीन कडव्यांचं. म्हणजे सुखापेक्षा दुःखाला दुप्पट जागा.

गोष्ट हान्स अँडरसनची, 1843 साली डॅनिश भाषेत प्रसिद्ध झालेली: बदकांत वाढलेल्या, सगळ्यांनी कुरूप ठरवलेल्या राजहंसाच्या पिल्लाची. मूळ कथा बरीच लांब आहे. अंडं फुटण्यापासून पुढच्या वसंतापर्यंत पिल्लू वणवण भटकतं. म्हातारीच्या घरात मांजर आणि कोंबडी त्याला शहाणपण शिकवतात. हिवाळ्यात ते तळ्यातल्या बर्फात अडकतं, एक शेतकरी त्याला सोडवतो. गदिमांनी ही सगळी वणवण गाळली. उरलं एक तळं, त्यातली भावंडं आणि बघे लोक. चार-पाच वर्षांच्या मुलाचं जग एवढंच असतं: एक अंगण किंवा बालवाडीची एक खोली, आणि तिथे आपल्याला खेळायला घेतात की नाही हा एकच मोठा प्रश्न.

वृत्त आनंदकंद. बारा-बारा मात्रांचे दोन तुकडे आणि मध्ये छोटासा विसावा. सुरेश भटांची ‘केव्हातरी पहाटे’ ही गझल आणि इकबालांचं ‘सारे जहाँ से अच्छा’ याच वजनात चालतात. मुलांच्या गाण्याला हे वजन तसं भारदस्त, पण इथे त्याचा उपयोग नेमका होतो. धावती, टाळ्यांची लय घेतली असती तर पिल्लाची चेष्टा झाली असती; फार संथ घेतली असती तर रडगाणं झालं असतं. आनंदकंदात प्रत्येक ओळ अर्ध्यावर थांबते आणि मग पुरी होते. ऐकणाऱ्या मुलाला तेवढ्यात जे ऐकलं ते आत घ्यायला फुरसत मिळते.

आता कडव्यांचा क्रम पाहू. पहिल्या कडव्यात पिल्लाला कुणी मारत नाही. फक्त खेळायला घेत नाही. ते बाजूला एकटं तरंगत राहतं. मग लोक बोट दाखवून हसतात. ध्रुवपदात कवी पिल्लाची हकिगत भूतकाळात सांगतो, पण तेच वाक्य लोकांच्या तोंडी येतं तेव्हा क्रियापद वर्तमानकाळी होतं. हा बदल एका शब्दाचा, पण चिडवण्याचं सगळं मर्म त्यात आहे. कवीसाठी ती जुनी गोष्ट आहे. चिडवणाऱ्यांसाठी तो आजचा आणि कायमचा निकाल आहे, आणि ज्याला चिडवतात त्यालाही तो तसाच ऐकू येतो.

दुसऱ्या कडव्यात दुःख आत शिरतं. पिल्लू स्वतःशीच रडतं. भावंडं विचारपूस करत नाहीत, मग सांगणार कुणाला? त्यानंतर चोची मारणं आणि धाक दाखवणं येतं. वगळणं, हसणं, एकटेपणा, मार, भीती: लहान मूल ज्याला सरसकट ‘मला नाही आवडत’ म्हणतं, त्याचे इतके पदर कवीने सुटे करून ठेवले आहेत. कुठेही उपदेश नाही. ‘रडू नकोस’ हे मोठ्यांचं आवडतं वाक्यही नाही. पिल्लाला रडायची मुभा आहे, आणि म्हणून ऐकणाऱ्यालाही आहे.

या गाण्यात आई नाही. अँडरसनच्या कथेत ती आहे. आधी ती पिल्लाची बाजू घेते. पुढे तीही कंटाळते आणि हे कुठेतरी लांब गेलं तर बरं, असं म्हणून जाते. गदिमांनी तिला काढूनच टाकलं. मुलं नेमकं हेच विचारतात: ‘पण त्याची आई कुठे आहे?’ माझ्या मते गाण्याची खरी किमया या रिकाम्या जागेत आहे. हे गाणं लहानग्यांना बहुधा आई, आजी किंवा बालवाडीच्या बाई म्हणून दाखवतात. पिल्लाला सांगायला कुणी नाही, ही ओळ ज्या मुलाच्या कानावर पडते त्याच्याजवळ त्या क्षणी कुणीतरी बसलेलं असतं. पिल्लाची आई गाण्यात नसते, कारण ती गाणं म्हणत असते.

शेवटच्या कडव्याची बांधणीही सुरेख आहे. आधी परिणाम सांगितला आहे: भीती वाऱ्यावर पळाली. कारण नंतर येतं: पिल्लाने पाण्यात पाहिलं, तेही चोरून आणि क्षणभर. ज्याला सतत कुरूप म्हटलं गेलं, तो स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बिनधास्त कसा पाहील? अपमानाने आलेला संकोच इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी पकडला असेल. अँडरसनकडे या प्रसंगानंतर इतर हंस पिल्लाला कुरवाळतात, काठावरची मुलं पाव टाकतात, कौतुक करतात. गदिमांकडे कुणीही येत नाही. भावंडं माफी मागत नाहीत, लोक जीभ चावत नाहीत. पिल्लाचं पिल्लाला कळतं आणि गाणं संपतं. आणि जे कळतं ते राजहंसाचं, म्हणजे सरस्वतीच्या वाहनाचं, नल-दमयंतीच्या दूताचं नाव घेऊन येतं. परक्या देशातली कथा एका शब्दात आपल्या घरची होते.

एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. जे पिल्लू हंस निघत नाही, त्याचं काय? बदक म्हणूनच मोठं होणाऱ्या, दिसायला साध्या मुलाला हे गाणं काय देतं? शेवटच्या कडव्याचा अर्थ ‘थांब, तूही एक दिवस सुंदर होशील’ असा लावला तर काहीच देत नाही. उलट खोटं आश्वासन देतं. रूप हीच किंमत, हा तळ्यातल्या लोकांचा न्याय त्या अर्थात कायम राहतो. गाण्याचा शेवट या आक्षेपातून पूर्ण सुटत नाही, असं माझं मत आहे. मधलं कडवं मात्र सुटतं, कारण ते हंसाचं नाही. खेळायला न घेतलेल्या कुठल्याही मुलाचं आहे.

म्हणून आईबाबांना आणि बालवाडीच्या बाईंना एक विनंती. हे गाणं म्हणताना राजहंसापर्यंत पोचायची घाई करू नका. दुसरं कडवं संपल्यावर थांबा, आणि पिल्लाला आत्ता कसं वाटत असेल, हे मुलांना विचारा. उत्तरं पिल्लाविषयी येतील, पण त्यांतली निम्मी स्वतःविषयी असतील. ती ऐकून घ्या. शेवटचं कडवं उद्या म्हटलं तरी चालेल.