विषाद, भय आणि औषधाचे नाव

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. त्या अध्यायात अर्जुनाच्या देहाची जी अवस्था वर्णिली आहे ती मात्र विषादाची म्हणून सामान्यतः ओळखली जाते तशी नाही. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, धनुष्य हातून निसटते, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही आणि मन भोवंडू लागते. खिन्न मनुष्य मंदावतो, निपचित होतो; येथे तर सारा देह एकाएकी संकटघंटा वाजल्यासारखा उठला आहे. आधुनिक मनोवैद्यकात ज्याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात त्याच्या लक्षणांशी हे वर्णन पुष्कळ अंशी जुळते. अर्जुनाला त्या विकाराचा रुग्ण ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. त्याच्या भयाचे कारण दोन्ही सैन्यांच्या रूपाने समोर उभे आहे. पॅनिकच्या झटक्याला पुष्कळदा असे दृश्य कारण नसते, आणि तेच त्याचे दुःख असते. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, देहाने भोगलेल्या भयाला परंपरेने नाव दिले ते विषादाचे. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी या अवस्थेला पहिले उत्तर मिळते ते नामर्दपणाच्या दोषारोपाचे. समजुतीचा दीर्घ संवाद त्यानंतर सुरू होतो. ज्ञानेश्वरांनी या प्रसंगाला करुणेची आणि मोहाची जोड देऊन अर्जुनाची बाजू पुष्कळ कोमल केली आहे, तथापि नाव विषादाचेच राहिले.

नेमका असाच नामविपर्यास विसाव्या शतकातील एका औषधवर्गाच्या वाट्याला आला आहे, आणि मराठीत त्याची किंमत अधिक मोजावी लागते. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी इमिप्रामीन हे द्रव्य आरंभी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिले. तेथे त्याचा उपयोग झाला नाही. खिन्नतेने ग्रासलेल्यांना मात्र गुण आला, आणि १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. या द्रव्याच्या गोत्रातील औषधांना ‘अँटिडिप्रेसंट’ हे नाव मिळाले ते या पहिल्या उपयोगावरून. त्यानंतर थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांनी तेच औषध अशा रुग्णांना दिले की ज्यांना खिन्नतेपेक्षा भयाचे झटके येत असत. हे रुग्ण दिवसातून अनेकदा परिचारिकांच्या खोलीकडे धावत जात आणि आपण आता मरणार असे सांगत. काही आठवड्यांनंतर रुग्णांना विचारले असता ते म्हणत की, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फरक दिसेना. परिचारिकांनी मात्र सांगितले की, हे लोक आता धावत येत नाहीत. झटके थांबले होते. झटका येईल ही धास्ती तशीच उरली होती. क्लाइन यांचे या विषयावरील लेखन १९६२ आणि १९६४ साली प्रसिद्ध झाले. (कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली तीही १९६२ सालीच.)

या निरीक्षणाचे मोल केवळ औषधशास्त्रापुरते नाही. एक अखंड वाटणारा अनुभव त्यामुळे तीन पदरांत उलगडला: प्रत्यक्ष झटका, त्याची वाट पाहणारी धास्ती, आणि त्या धास्तीपोटी बाजार, बस, सभागृह टाळत जाणारे जगणे. औषध मुख्यतः पहिल्या पदराला हात घालते. १९८० साली अमेरिकन मनोवैद्यकसंघाच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅनिक’च्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटीनपासून सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा नवा वर्ग तेथे आला. त्यातील पॅरोक्सेटीनला १९९६ साली खास पॅनिकच्या विकारासाठी तेथे मान्यता मिळाली. आज या विकारावर प्रथम योजल्या जाणाऱ्या औषधांत हा वर्ग आहे. नाव मात्र अद्याप खिन्नतेचेच.

मराठीत ही औषधे ‘नैराश्यविरोधी’, ‘अवसादरोधक’ अशा नावांनी येतात. ज्याला भर दुपारी महाद्वार रोडवर किंवा बिंदू चौकात छातीत धडधडून, दरदरून घाम फुटून, आपला प्राण जातो आहे असे वाटले, तो मनुष्य निराश नसतो. त्याला जगावयाचे असते. त्या क्षणी तर जगण्याखेरीज दुसरे काही सुचत नसते. तो हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, हृदयाचा आलेख निर्दोष येतो, आणि पुढे त्याच्या हाती जी गोळी पडते तिच्या माहितीपत्रकावर नैराश्याचा उल्लेख असतो. मग त्याने तीन अनुमानांपैकी एक काढावे यात नवल नाही: डॉक्टर चुकला, डॉक्टर काही लपवितो, किंवा आपल्याला वेड लागले आहे. तिन्ही अनुमाने गोळी बंद करण्याकडे नेतात.

मराठी बोलीत या अनुभवाला शब्द नाहीत असे नव्हे. उलट ते विपुल आहेत. जीव घाबरा होणे, काळजात धस्स होणे, जीव वरखाली होणे, हातापायांतले बळ जाणे, पायाखालची जमीन सरकणे हे सारे प्रयोग देहाचे आहेत आणि अचूक आहेत. ‘घाबरा’ हे विशेषण मनुष्याला न लावता ‘जीवा’ला लावण्यात तर एक सूक्ष्म न्याय आहे: मनुष्य भित्रा नाही, त्याचा जीव घाबरला आहे. परंतु याच भाषेत दुसराही एक समूह आहे. पाचावर धारण बसणे, बोबडी वळणे, गाळण उडणे, शेपूट घालणे, भित्री भागूबाई. येथे भय म्हणजे हसण्याची गोष्ट, आणि तीही बहुधा पुरुषाला बाई ठरवून. ज्या नगरीत पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, जिथे शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीमैदान बांधले, तेथे छातीचे दुखणे सांगता येते, ‘भीती वाटते’ हे वाक्य सांगता येत नाही. म्हणून ते पित्त होते, गॅस होतो, अशक्तपणा होतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यात बाहेरची बाधा पाहिली तर नृसिंहवाडीची वाट धरली जाते; बाधानिवारणाच्या श्रद्धेने दत्तस्थानी जाण्याची रीत या परिसरात जुनी आहे. हेही खरे की, बाधेच्या कल्पनेत एक सवलत आहे जी ‘नैराश्य’ या शब्दात नाही. बाधा बाहेरून येते. तिचा दोष रुग्णाच्या स्वभावाकडे जात नाही.

दोष स्वभावाकडे नेण्याचे काम मराठी साहित्यसंस्कारांनी किती केले आहे, हा प्रश्न कोल्हापुरात विचारावयाचा तर वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’कडे वळावे लागते. १९५९ साली प्रसिद्ध झालेली आणि १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविली गेलेली ही कादंबरी भोगलालसेची कथा म्हणून वाचली जाते, आणि लेखकालाही तीच वाट अभिप्रेत होती. तथापि कादंबरीचा पूर्वार्ध बारकाईने वाचला तर लालसेच्या आधी भय येते. पराक्रमी नहुष मृत्युशय्येवर भयाने व्याकुळ होतो. ते पाहून तरुण ययाती मुळापासून हादरतो, आणि मुकुलिकेच्या सहवासाकडे वळतो तो सुखाच्या शोधात तितकाच त्या दृश्यापासून पळत. पुढे माधवाच्या मृत्यूने तोच आघात पुन्हा होतो, आणि मंदार त्याला ज्या मार्गाने नेतो तो विस्मरणाचा मार्ग आहे. खांडेकरांनी या भयाची शारीर चाहूल उत्तम टिपली आहे. त्यांच्या रूपकप्रचुर शैलीविषयी पुष्कळ आक्षेप घेतले गेले, परंतु भयाच्या प्रसंगी ती शैली क्वचितच पोकळ वाटते.

अडचण निवाड्याच्या ठिकाणी आहे. कादंबरीच्या नैतिक रचनेत भयाला तीनच मार्ग आहेत: मदिरा, स्त्री, किंवा कचाचा संयम. पहिले दोन पलायन, तिसरा पुरुषार्थ. भय हे मुळात काय आहे, ते देहात कसे उठते, निग्रहाच्या आवाक्यात ते आहे तरी का, हा प्रश्न लालसेच्या प्रश्नाखाली दबून गेला आहे. याबद्दल खांडेकरांना बोल लावणे अन्यायाचे होईल. १९५९ साली या विकाराला वैद्यकातही स्वतंत्र नाव नव्हते, आणि त्यांच्यापुढे राजाचे शील हा विषय होता, रोग्याची नाडी नव्हे. परंतु अशा वाङ्मयावर वाढलेला वाचक जेव्हा भयावर गोळी घेतो, तेव्हा ती गोळी त्याच्या मनात नकळत मदिरेच्या रांगेत जाऊन बसते. ‘मी खंबीर असतो तर हिची गरज पडली नसती’ हे वाक्य वैद्यकाने शिकविलेले नाही.

या अपराधभावनेवर तोडगा म्हणून आरोग्यविषयक मराठी लेखनाने एक उपमा स्वीकारली आहे. मधुमेह्याला जसे इन्सुलिन, तशी या रुग्णाला ही गोळी. मेंदूत सेरोटोनिन कमी पडते, गोळी ती उणीव भरून काढते. उपमेचा हेतू दयाळू आहे. इंग्रजीतून ती जशीच्या तशी आली हेही क्षम्य आहे. पण ती खरी नाही. ‘उणिवे’च्या या कल्पनेचा एक धागा मुंबईपर्यंत पोचतो. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगासमोर मांडला. त्या मुळीतून १९५२ साली रिसर्पीन वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या, आणि रिसर्पीनने प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन घटते असेही आढळले. यावरून जो तर्क उभा राहिला तो मोहक होता, परंतु सिद्ध झाला नाही. २०२२ साली जोॲना मॉनक्रिफ व सहकाऱ्यांनी घेतलेल्या व्यापक आढाव्यात नैराश्याच्या मुळाशी सेरोटोनिनची उणीव असल्याचा सुसंगत पुरावा आढळला नाही. त्या आढाव्यावर वादही झाले. परंतु उणिवेचे साधे चित्र टिकत नाही याविषयी आता फारसे दुमत नाही. येथे दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत. रोग कशाने होतो हा एक, आणि औषधाने झटके कमी होतात का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर क्लाइन यांच्या परिचारिकांपासून पुढील चाचण्यांपर्यंत पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत होकारार्थी आले आहे. पहिल्याचे उत्तर अपुरे असल्याने ते खोटे ठरत नाही. ज्याची सारी श्रद्धा उपमेवर उभी केली आहे, तो रुग्ण उपमा कोसळताच गोळीही टाकून देतो. दया दाखविताना सत्याशी केलेली ही तडजोड अशी महागात पडते.

त्याहून आश्चर्य हे की, ज्या गोष्टी रुग्णाला खरोखर ठाऊक हव्यात त्यांना या लेखनात एखादे ओझरते वाक्य मिळते. गोळीचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणूनच पॅनिकच्या रुग्णाला आरंभी अल्प मात्रा देतात. ती एकाएकी बंद केल्यास भोवळ, मळमळ, चिडचिड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात. बंद करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. अल्प्राझोलामसारखी चटकन शांतविणारी औषधे निराळी. सवय लागण्याचा धोका त्यांचा मोठा. बोलीत मात्र दोहोंना ‘झोपेची गोळी’ असे एकच नाव आहे, आणि एकीचा धोका दुसरीच्या माथी बसतो. धास्ती आणि टाळाटाळ या उरलेल्या दोन पदरांसाठी विचार व वर्तन यांवर आधारलेली मानसोपचारपद्धती आहे. तीत रुग्णाला टाळलेल्या बाजारात पायरीपायरीने परत नेतात. संयमाच्या जुन्या आदर्शाशी तिचे वरवर साम्य दिसते, पण येथे भय दडपावयाचे नसते, ते येऊन ओसरू द्यावयाचे असते.

तेव्हा नाव बदलावे काय? मराठी समाज अशी नावे बदलतो, याला दाखला आहे. ॲस्पिरीन मुळात वेदनेचे व तापाचे औषध. हृदयविकाराच्या रुग्णांना ते अल्प मात्रेत मिळू लागले तेव्हा घरोघरी त्याला ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणू लागले. शास्त्रदृष्ट्या ते काटेकोर नाही, पण रुग्णाला आपण ती का घेतो ते कळते. त्या न्यायाने ‘जीव घाबरा होण्यावरची गोळी’ हे नाव ‘अवसादरोधक’ या नावापेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरेल. एक अडचण मात्र राहते. तापाची गोळी ताप आल्यावर घेतात, डोकेदुखीची डोके दुखल्यावर. घाबऱ्यावरची गोळी अशा नावाने ओळखली गेली तर ती जीव घाबरल्यावर घेतली जाईल, आणि तशी घेतल्यास ती काहीच करणार नाही. झटका बहुधा काही मिनिटांत कळसाला पोचून ओसरू लागतो, गोळीला आठवडे लागतात. रक्तदाबाची गोळी त्रास नसतानाही रोज घ्यावयाची असते हे मराठी घरांनी शिकून घेतले आहे. ‘घाबऱ्याची रोजची गोळी’ असे म्हटले तर शब्द ओबडधोबड होतो, परिभाषाकोशात तो शोभणार नाही. पण त्या तीन शब्दांत ‘अवसादरोधक’ने न सांगितलेल्या दोन गोष्टी सांगून होतात.