मागचा बाक खरोखर जातो का?

वर्गात मुलांनी कसे बसावे, हा जुना प्रश्न २०२५ साली पुन्हा चर्चेत आला. निमित्त होते ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या २०२४ सालच्या मल्याळी चित्रपटाचे. मागच्या बाकावरच्या मुलांची ही गोष्ट पाहून केरळातील काही शाळांनी बाकांच्या रांगा मोडल्या आणि तीन भिंतींलगत एकच ओळ केली. हेतू चांगला आहे. पण आकार बदलला की मागे पडणारे मूल पुढे येते, हा समज आम्हांला तपासून पाहावासा वाटतो.

प्रथम हिशेब करू. खोली २० फूट लांब, २० फूट रुंद धरा. फळ्याची भिंत सोडून उरलेल्या तीन भिंती मिळून ६० फूट. फळ्यालगत दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट जागा सोडावी लागते. नाहीतर तिथल्या मुलाला फळा फारच तिरका दिसतो. दारासाठी चार फूट सोडा. उरले ४६. मांडी घालून बसलेल्या मुलाला दप्तरासकट दोन फूट लागतात, म्हणजे फार तर २३ मुले मावतील. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्राथमिक वर्गासाठी प्रमाण धरले आहे ३० मुलांमागे एक शिक्षक. मग उरलेल्या सात मुलांची दुसरी ओळ होणार. मागचा बाक पुन्हा आलाच! शिवाय बाजूच्या भिंतींलगतच्या मुलांनी फळ्यावरचे उतरवून घेताना मान सतत एकाच बाजूला वळवायची.

संशोधन काय सांगते? १९८१ साली इंग्लंडमध्ये व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांच्या मुलांच्या दोन वर्गांत एक साधा प्रयोग केला. गटागटाने टेबलाभोवती बसणाऱ्या मुलांना काही दिवस रांगेत बसवले. एकट्याने करायच्या कामातले त्यांचे लक्ष वाढले. पुन्हा टेबलाभोवती बसवल्यावर ते कमी झाले. चार वर्षांनी अमेरिकेत झालेल्या अभ्यासात मात्र चर्चेच्या वेळी रांगेपेक्षा वर्तुळात बसलेली मुले अधिक सहभागी झाली. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. काम वेगळे, म्हणून सोयीची बैठक वेगळी. ‘सर्वांत चांगली बैठक कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आत्ता काय करायचे आहे?’ हे आधी विचारले पाहिजे.

पेणच्या शिक्षकांना हे सांगायला नको. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात साच्याचे काम करणाऱ्याला ऐसपैस जागा लागते आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याला चांगला उजेड. तिथे कामावरून जागा ठरते; आमच्या वर्गात मात्र जून महिन्यात ठरलेली जागा एप्रिलपर्यंत टिकते.

खरे तर लवचिक बैठक आमच्याकडे होतीच. पेण-रोह्याकडच्या शाळांतून मुले बस्करपट्ट्यांवर बसत. कित्येक ठिकाणी आजही बसतात. आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला आणि मागे ऐकू येईनासे झाले, की सगळ्यांना गुरुजींभोवती गोळा व्हायला अर्धा मिनिट पुरतो. लोखंडी जोडबाक आले की हे जमत नाही. आणि मग तीच सोय रंगीत स्टुलांच्या रूपाने पैसे देऊन विकत घ्यायची, याला काय म्हणावे? ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि कोसबाडला बालशिक्षण अंगणात नेले, ते काही महागड्या सामानाच्या बळावर नव्हे.

जमिनीवरची बैठक निर्दोष आहे, असेही नाही. पावसाळ्यात फरशीला ओल येते. जमिनीवर वही ठेवून लिहिणाऱ्या मुलाची पाठ वाकते. त्याला उतरती छोटी डेस्क हवी. ज्याला मांडी घालता येत नाही त्याला खुर्ची हवीच. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळा पाहून अनेक ठिकाणी फरशीवर अंक आणि अक्षरे रंगवली गेली. पण त्यावर रोज तीच मुले त्याच जागी बसत असतील, तर रंगाने काय साधले? वर्तुळसुद्धा कायमचे झाले की रांगेइतकेच ताठर होते.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे? वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातले कातकरी मूल मधेच शाळेत परतते, तेव्हा सगळ्या जागा भरलेल्या असतात. ते दाराशी किंवा मागे बसते आणि तिथेच राहते. जागा रोज बदलत असतील तर अमुक जागा त्याची, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून आमची सूचना खर्चाची नाही. एका कागदावर वर्गाचा नकाशा काढा. आठवडाभर, तुम्ही ज्याला प्रश्न विचारला किंवा जो बोलला, त्याच्या जागेवर ठिपका द्या. अ‍ॅडम्स आणि बिडल यांना १९७० साली अमेरिकेतील वर्गांत बहुतेक बोलणे पुढच्या आणि मधल्या जागांवरून होताना दिसले होते. तुमचे ठिपके कुठे पडतात ते पाहा. पुढच्या आठवड्यात मुलांच्या जागा बदला, तुम्हीही मागे जाऊन उभे राहा, आणि पुन्हा मोजा. कोऱ्या राहिलेल्या जागा हलल्या, तर दोष जागेचा होता. मुलाबरोबर कोरेपणही नव्या जागी गेले, तर मात्र बाक कसेही मांडून भागणार नाही. त्या मुलाशेजारी जाऊन आपणच बसायला हवे.