अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांतील स्त्री : शील आणि आत्मसन्मान

वाळवा तालुक्यातील वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. परंतु १९२० साली तेथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत होते. दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि पुढे १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वारणेकाठच्या या मुलखाने अण्णा भाऊंना नायक दिले. त्या नायकांची चर्चा विपुल झाली. नायिकांचा उल्लेख मात्र 'स्वाभिमानी आणि शीलवान' अशा जोडविशेषणाने उरकला जातो. ही दोन विशेषणे एकच अर्थ सांगतात काय, हा खरा प्रश्न आहे.

'चित्रा' या कादंबरीत देहविक्रयाच्या खाईत लोटली जाणारी मुलगी झुंज देते. तिची झुंज अस्सल आहे. तथापि तिचे मोल ती अस्पर्श राहण्याशी बांधले गेले आहे. जिला सुटता आले नाही, तिच्या आत्मसन्मानाचे काय? खालिद हुसैनी यांच्या 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' (२००७) या अफगाणिस्तानातील स्त्रियांवरील कादंबरीशी तुलना केल्यास हा पेच अधिक उघड होतो. अनौरस म्हणून जन्मापासून हिणवली गेलेली मरियम रशीदच्या संसारात सारे काही सोसते. तिला स्वतःची किंमत उमगते ती सवत म्हणून आलेल्या लैलाच्या मायेतून. तिचा निवाडा कोणी पुरुष करीत नाही आणि शीलाची कसोटीही तेथे लागत नाही.

अण्णा भाऊंकडे या दिशेने जाणारी वाट आहे, ती 'वैजयंता'मध्ये. तमासगीर गजराची ही मुलगी फडावर उभी राहते, तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे असे काहीतरी असते : गळा, पाय, ताल आणि पोटापुरती कमाई. प्रेक्षक तिला भोग्य समजतो, ती स्वतःला कलावंत समजते. या दोन समजुतींतील अंतर हेच कादंबरीचे बळ होय. लेखक तिच्या पावित्र्याची ग्वाही देऊ लागतो तेथे हे बळ काहीसे ओसरते, असे म्हणणे भाग आहे. कलावंतिणीला अशा दाखल्याची गरज नव्हती.

'फकिरा'त (१९५९) तर पुरुषांच्या शौर्याने सारा अवकाश व्यापला आहे. रानोजी गावासाठी जोगणी आणताना मारला जातो आणि राधाच्या वाट्याला वैधव्य येते. ज्या जमातीला कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, तिच्या वस्तीत ती मुलगा वाढविते. पुढे इंग्रज सरकार मांगांची बायकापोरे डांबून ठेवते, म्हणून फकिरा शरण येतो. त्याच्या त्यागाचे वर्णन हेलावून टाकणारे आहे. परंतु कोंडलेल्या त्या बायका आपसांत काय बोलल्या असतील, त्यांना शरणागती मान्य होती काय, याविषयी कादंबरी फारसे बोलत नाही.